हाक ऐकू येते का?

प्रश्न : मेंदूत रक्तस्राव झाल्यामुळे माझे वडील (वय ६८) दोन आठवडे आयसीयूत आहेत. गुंगीची औषधं बंद करून चार दिवस झाले. अधूनमधून डोळे उघडतात, पण सांगितलेलं करत नाहीत. 'प्रतिसाद नाही,' असं डॉक्टर म्हणतात. आई मात्र म्हणते, 'त्यांनी माझा हात दाबला.' बेशुद्ध माणसाला समजतंय का, हे अमेरिकेत मेंदूच्या लहरींवरून ओळखतात असं वाचलं. खरं आहे का? बाबांना कमी ऐकू येतं, घरी ते कानाला यंत्र लावतात. – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी फोनवर बोललो, तेच इथे सविस्तर लिहितो. तुमची शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. ते यंत्र आयसीयूत नेलंय का? 'डोळे उघडा', 'दोन बोटं दाखवा' ही सगळी तपासणी कानावर अवलंबून असते. यंत्र लावून, मराठीतून, तुमच्यापैकी कुणाच्या तरी आवाजात ती पुन्हा करून घ्या. जन्मभर मराठीच बोललेल्या आजोबांना 'हाथ उठाओ' सांगून 'प्रतिसाद नाही' अशी नोंद केलेली मी पाहिली आहे, आणि मला ते फार लागतं.

आता आईंच्या हाताबद्दल. त्यांना जाणवलं ते खरंच आहे. पण तळहाताला स्पर्श झाला की मूठ आपोआप मिटू शकते, तान्ह्या बाळाची मिटते तशी. म्हणून नुसत्या 'दाबा'वर आम्ही विसंबत नाही, 'सोडा' म्हणतो. सांगितल्यावर हात सोडला आणि पुन्हा सांगितल्यावर पुन्हा सोडला, तर लगेच डॉक्टरांना बोलवा. नजर तपासायला मी आरसा वापरतो. बोट किंवा टॉर्च फिरवूनही न वळलेले डोळे स्वतःच्या चेहऱ्यामागे वळतात, असं कित्येकदा होतं.

तुम्ही वाचलंत ते काम बहुधा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. यान क्लासेन यांचं. २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. मेंदूला नुकतीच इजा झालेल्या, आज्ञा न पाळणाऱ्या १०४ रुग्णांना त्यांनी खाटेवरच ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपणारी तपासणी) लावून 'उजवा हात उघडा-मिटा, उघडा-मिटा' असं ऐकवलं, मग 'थांबा'. हात कुणाचाच हलला नाही, पण १६ जणांच्या लहरी या दोन आज्ञांना वेगवेगळ्या पडत होत्या. वर्षानंतर त्या १६ पैकी ७ जण निदान आठ तास आपलं आपण राहू शकतील इतके सावरले होते. लहरी न बदललेल्यांत हे प्रमाण ८४ मध्ये १२ होतं. १६ पैकी उरलेले नऊ तिथवर पोचले नाहीत, हेही तुम्हाला माहीत असायला हवं.

आणि ही तपासणी कोरी आली म्हणजे माणूस आत नाही, असं मुळीच नाही. २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात, खाटेवर उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या ११२ जणांपैकी फक्त ४३ जणांच्या मेंदूत तपासणीच्या यंत्रांना आज्ञा समजल्याची खूण सापडली. आपल्याकडे ही तपासणी नेहमीच्या उपचारांत नाही, तिच्यासाठी बाबांना दूर हलवण्याचा विचार आत्ता करू नका.

साधा ईईजी मात्र जरूर मागा, आणि जमेल तितका जास्त वेळ चालणारा. बाहेरून अंग शांत, पण मेंदूत झटके चालू, असं होऊ शकतं, आणि त्यावर औषध असतं. क्लासेन यांच्याच २००४ च्या कामात, सलग ईईजी लावलेल्या ५७० रुग्णांपैकी ११० जणांना झटके सापडले. त्यातल्या १०१ जणांचे झटके नुसत्या डोळ्यांना दिसणारे नव्हतेच. बाबांचा ईईजी झाला असेल, तर किती वेळ लावला होता ते विचारा.

रक्तातलं सोडियम कमी-जास्त होणं, ताप, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग यांनीही शुद्ध खाली राहते. मूत्रपिंडाचं काम मंद असेल तर बंद केलेलं गुंगीचं औषध चार दिवसांनीही अंगात उरलेलं असू शकतं, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) किती आहे ते पाहा. हे सगळं तपासून होईपर्यंत 'पुढचं काय ते आजच ठरवा' असं कुणी म्हणालं, तर वेळ मागा. त्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. मी स्वतः नातेवाइकांना तो वेळ देतो. आणि यंत्राचे सेल नवे घालून न्या.