देणगीदाराची अट आणि हलगीची जागा

प्रश्न : आम्ही काही तरुण-तरुणी दर हिवाळ्यात मिरजेजवळ दोन दिवसांचा संगीत व कला महोत्सव वर्गणी गोळा करून आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर भरवतो. यंदा एका देणगीदाराने सगळा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. मात्र कलाकार आपल्याला विचारून ठरवावेत, अशी त्यांची अट आहे. शिवाय आमच्या कार्यक्रमात विविधता नाही, अशी टीका होते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : देणगीदार कितीही सज्जन असले तरी सगळा खर्च एकाच व्यक्तीला उचलू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षी ते एखादेच नाव सुचवतील. पण त्या वर्षी पावतीपुस्तके कपाटात राहतील, घरोघर जाण्याची सवय मोडेल आणि पुढे कधी त्यांनी हात आखडता घेतला, तर महोत्सव उभा करायला कोणी उरणार नाही. त्यांची देणगी अवश्य घ्यावी. मात्र एकूण खर्चाच्या ठरावीक हिश्श्याहून अधिक रक्कम कोणा एकाकडून घ्यायची नाही आणि देणगीच्या बदल्यात निवडीचा अधिकार द्यायचा नाही, असा ठराव आधी सभेत मंजूर करून तो त्यांच्यापुढे ठेवावा; म्हणजे त्यांनाही अपमान वाटणार नाही. संस्थेची नोंदणी झालेली नसल्यास १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सदस्यांनिशी ती करून घ्यावी आणि पैसा संस्थेच्याच खात्यात ठेवावा.

विविधतेचा प्रश्नही शेवटी निवड कोण करते, याच मुद्द्यापाशी येतो. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी नाटक उभे केले, ज्या जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षने पठ्ठे बापूरावांसारखा लावणीकार दिला आणि ज्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब चिरविश्रांती घेत आहेत, तिथे कलाप्रकारांची वाण नाही. वाण आहे ती निवड समितीत वेगवेगळ्या घरांतून आलेल्या माणसांची. शाहीर, तमाशा कलावंत, तंतुवाद्यांचे कारागीर आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया समितीत बसल्या, की यादी आपोआप बदलते. त्यांना केवळ पाहुणे म्हणून बोलावल्याने ती बदलत नाही.

एक गोष्ट मला फार खटकते. हलगीवादकांना पाहुण्यांच्या स्वागतासाठी कमानीपाशी उन्हात उभे केले जाते आणि मंचावर मात्र फक्त ख्याल आणि नाट्यगीते होतात. हलगीलाही मंच, ध्वनिक्षेपक आणि निवेदनात वादकाचे नाव मिळाले पाहिजे. बाहेरच्या गायकाला मानधनाचे पाकीट आणि गावच्या वादकाला शाल-श्रीफळ, हा भेदही थांबवावा. लावणी ठेवायची असेल, तर कपडे बदलण्यासाठी आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली आधी पाहून ठेवावी.

क्रमपत्रिका करताना वेळेकडे विशेष लक्ष द्यावे. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावा लागतो आणि भाषणे लांबली की कात्री नेहमी शेवटच्या कार्यक्रमाला लागते. तो बहुतेक वेळा लोककलेचाच असतो. म्हणून एका दिवशी तरी शाहिरी वा तमाशा सायंकाळी ७ वाजता ठेवावा आणि सत्कार त्यानंतर करावेत.