फोर्ट वर्थचा डॉलरचा छापखाना आतून बघता येतो का? आई-बाबांना नेण्यासारखा आहे का?

आई-बाबा डॅलसला येणार आहेत, फोर्ट वर्थला नोटा छापताना बघायला मिळतात असं कळलंय, ते खरं का आणि नेऊन काही कळेल का, असं तुम्ही विचारलंय.

खरं आहे आणि फुकट आहे. अमेरिकेच्या कागदी नोटा दोनच ठिकाणी छापतात: वॉशिंग्टन आणि फोर्ट वर्थ. फोर्ट वर्थला छपाईच्या दालनाच्या वरून साधारण ४०० मीटरची काचबंद वाट काढली आहे. त्या वाटेनं आपल्या चालीनं जायचं आणि खाली मशिनं बघायची. कानाला लावायचं माहितीचं यंत्र देतात, पण ते मराठी बोलत नाही. तेव्हा काय बघायचं ते आई-बाबांना गाडीतच सांगून ठेवलेलं बरं.

बहुतेकांची फजिती मोबाइलपायी होते. फोन, कॅमेरा, टॅबलेट काहीही आत चालत नाही, पर्स-पिशव्याही नाहीत. दाराशी लॉकर असेल या भरवशावर राहू नका, सगळं गाडीत ठेवूनच उतरा. टॅक्सीनं गेलात तर फोन ठेवायचा कुठे हा प्रश्न उभा राहतो, म्हणून स्वतःची गाडी न्या. परतायच्या वेळी एकमेकांना फोन करता येणार नाही, भेटायची जागा आधी ठरवा. सरकारी सुट्टीला बंद असतं आणि वारही बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आधी छापखान्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा. मशिनं थांबलेली असली तर वरून नुसती लोखंडी धुडं दिसतात. दोन तास पुरतात.

आता बघायचं काय. नोट कागदाची म्हणतात, पण तो ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के लिननचा असतो, म्हणून धुण्यात गेली तरी लगदा होत नाही. मॅसॅच्युसेट्सची क्रेन कंपनी १८७९ पासून हा कागद पुरवते. सुरक्षा धागा आणि जलचिन्ह ज्या नोटांत असतं, त्यांच्या कागदात ते आधीच असतं. जास्त किमतीच्या नोटांवर आधी ऑफसेटनं, म्हणजे साध्या सपाट छपाईनं, पार्श्वभूमीचे फिके रंग छापतात. एक डॉलरला हा टप्पाच नाही.

खरी मजा पुढच्या टप्प्यात. कोरलेल्या प्लेटवर शाई भरतात, वरची सगळी पुसून घेतात, म्हणजे शाई फक्त खाचांत उरते. मग ताव आणि प्लेट सुमारे २० टनांच्या दाबाखाली एकत्र येतात. कागद त्या खाचांत घुसून शाई उचलतो आणि रेघ कागदावर उभी राहते. हे काचेतून दिसत नाही, बोटाला कळतं. करकरीत डॉलर घ्या आणि चित्रातल्या माणसाच्या कोटावरून नख फिरवा, खरखरतं. आपल्या ५०० च्या नोटेवरही हीच पद्धत असते. कडेच्या पाच तिरक्या रेघा आई-बाबांना चाचपून बघायला सांगा, म्हणजे खाली काय चाललंय ते पटकन लक्षात येईल.

आधी मागची हिरवी बाजू छापतात, मग पुढची काळी. प्रत्येक वेळी ताव ७२ तास वाळत ठेवतात. खाली नुसत्या उभ्या दिसणाऱ्या थप्प्या म्हणजे पडून राहिलेला माल नव्हे. शाई जाड थराची असते, घाई केली तर एका तावाची शाई दुसऱ्याच्या पाठीवर उठते.

कागदाला चुणी पडली तर काय होतं याचा मोठा धडा १०० डॉलरच्या नव्या नोटेनं दिला. छापताना कागद दुमडायचा, आणि नोट उलगडली की मधे कोरी पट्टी. फेब्रुवारी २०११ ला यायची ती नोट ऑक्टोबर २०१३ मध्ये आली.

क्रमांक सगळ्यात शेवटी पडतात, आणि इथे जरा थांबून बघा. तावावर शेजारी-शेजारी असलेल्या नोटांचे क्रमांक लागोपाठ नसतात. लागोपाठचा क्रमांक खालच्या तावावर, त्याच जागी असतो. त्यामुळे अख्खी थप्पी कापली की प्रत्येक गठ्ठा आपोआप क्रमानं लागतो, जुळवत बसावं लागत नाही. १०० नोटांचं एक बंडल, ४० बंडलांची ४,००० नोटांची वीट, चार विटांचं एक पुडकं. खराब निघालेल्या नोटेच्या जागी क्रमांकाशेवटी तारा असलेली नोट घालतात. आपल्याकडेही तारा असतो, पण तो आधीची अक्षरं आणि आकडे यांच्या मधे.

घरी आल्यावर एक डॉलरच्या नोटा काढून पुढच्या बाजूला उजवीकडे खालचा बारीक आकडा बघा. त्याच्या आधी ‘एफडब्ल्यू’ असेल तर ती फोर्ट वर्थची, नसेल तर वॉशिंग्टनची. डावीकडच्या गोल शिक्क्यातलं ‘के’ वेगळं: ते डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या शाखेचं अक्षर आहे, छापखान्याचं नव्हे. ही गल्लत बरेच जण करतात.

दुकानात न कापलेले ताव मिळतात. खरं चलनच असतं, पण किंमत दर्शनी मूल्यापेक्षा जास्त. भेट द्यायला कातरलेल्या नोटांची पिशवी स्वस्तात होते.

बाबा ‘आपल्या नाशिक रोडला का नाही बघता येत’ म्हणतीलच. १९२८ पासूनचा तो छापखाना पर्यटकांना खुला नाही. मुंबईत फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणे-संग्रहालय मात्र बघता येतं, तिथे जुन्या नोटाही मांडल्या आहेत.