उशीवर ठोसे मारून राग जातो का?

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, दहावीत. पाणी यायच्या दिवशी पहाटे भरायला उठवलं की भांडण ठरलेलं. परवा बादली लाथाडली, मोबाईल भिंतीवर आपटला. "सगळी कामं मलाच", "तुम्ही नेहमी ताईचीच बाजू घेता" हे पालुपद. शेजारच्या काकू म्हणतात, उशीवर ठोसे मारू द्या, राग बाहेर निघतो. खरं का?
– एक आई, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : नाही. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. आदळआपट करून राग उतरतो असं त्यात दिसलं नाही. संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं यांनी उतरला. ठोसे मारताना छातीची धडधड वाढतच राहते.

भडका उडालेला असताना समजावू नका, काहीही आत जात नाही. एखाद्या शांत दिवशी आधीच ठरवा : "गच्चीवर जातो" म्हणून त्याने निघायचं, मागून कुणी जायचं नाही, अर्ध्या तासात त्याने परत यायचं. परत येण्याची अट हवीच, नाहीतर पाणी तुम्हीच भराल. वर गेल्यावर चार मोजत नाकाने श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. पावणेदोन मिनिटांचं काम. जोरजोरात श्वास ओढले तर उलट गरगरतं.

खरं काम संध्याकाळी. वहीत चार रकाने : काय घडलं, मनात कोणतं वाक्य आलं, राग दहापैकी किती, दुसरा अर्थ काय निघू शकतो. पहिल्या रकान्यात कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. "पाचला आईने हाक मारली" हे घडलं. "आई मलाच राबवते" हे दुसऱ्या रकान्यातलं. बहुतेक मुलं इथेच अडकतात, त्यामुळे पहिला आठवडा एवढ्यातच गेला तरी चालेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच आहे : घटना आणि राग यांच्यामध्ये आपलं एक वाक्य बसलेलं असतं.

त्या वाक्यात "नेहमी", "कधीच", "सगळे", "मुद्दाम", "झालंच पाहिजे" दिसलं की खाली रेघ मारायची आणि मोजायचं. गेल्या चार वेळा पाणी कुणी भरलं? दोनदा ताईने भरलेलं निघालं, तर आठचा राग पाचवर येतो. तेवढा पुरे, शून्यावर आणायचा हट्ट नको. आणि चारही वेळा त्यानेच भरलेलं निघालं तर? मग त्याचा विचार बरोबर आहे, घरातली वाटणी चुकली आहे. पाळ्या लावा. अशा वेळी "चांगला विचार कर" म्हणालात तर तो वही फेकून देईल, आणि त्यात त्याचं फारसं चुकणार नाही.

वही त्याची, विचारल्याशिवाय वाचू नका. भांडणात "बघ, पुन्हा नेहमी म्हणालास" असं टोचलंत की सगळं मुसळ केरात. "तू नेहमीच असा" हे मोठ्यांच्या तोंडचं वाक्यही त्याच रेघेखाली येतं. फुटलेल्या मोबाईलच्या खर्चातला काही भाग मात्र त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ द्या.

या वयात ८ ते १० तास झोप लागते. पाण्याच्या आदल्या रात्री त्याला लवकर झोपवा.

तो कुणावर हात उचलत असेल, स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. दोन आठवडे खाणंपिणं, झोप, शाळा बिघडलेली असेल तरीही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. चोवीस तास, मोफत.