ऑर्किड टिपायचे तर आधी गजर लावा

समुद्रकाठच्या वाळूतली ऑर्किडं आणि त्यांच्यावरचे किडे जवळून टिपायचे, तर कॅमेऱ्याची लेन्स कोणती, हा प्रश्न नंतरचा. उन्हाळ्यात जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि मग ऑर्किडचा दांडा काही केल्या स्थिर राहत नाही. उजाडताना वारा बहुधा पडलेला असतो, किडे रात्रीच्या गारव्याने आखडून बसलेले असतात. झोपलेल्या मधमाशीच्या अंगावरचं दवही निवांत टिपता येतं. ऊन लागलं की ती उडालीच म्हणून समजा.

१०० मिमीची मॅक्रो लेन्स (बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी) असेल तर उत्तम, किड्यापासून जरा लांब राहता येतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/८ ते एफ/११ इतकं लहान ठेवा, म्हणजे जास्त भाग स्पष्ट येतो. तरीही अगदी जवळून जेमतेम एक-दोन मिलिमीटर स्पष्ट येतं, म्हणून कॅमेरा किड्याच्या अंगाला समांतर धरा. फोकसची रिंग फिरवत बसण्यापेक्षा स्वतःच किंचित पुढेमागे डुला.

मधमाशीच्या डोक्यावर गदेसारख्या दोन पिवळ्या गाठी चिकटलेल्या दिसल्या तर सोडू नका. ते ऑर्किडचे परागपुंज. मी सुरुवातीला त्यांना रोग समजून फोटो पुसून टाकले होते! अजून हळहळ वाटते.

आडवं होण्याआधी खाली नीट बघा. ऑर्किडची कोवळी रोपं मातीतल्या बुरशीच्या आधाराने सावकाश वाढतात, आणि फुलाशेजारची न फुललेली रोपं आपल्याच पोटाखाली चिरडतात. आड येणारं गवत उपटू नका, बाजूला सारा. दुर्मीळ फुलाची नेमकी जागा फोटोसोबत टाकू नका.

घरी आल्यावर लेन्सवरची वाळू आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा, मगच कापड लावा.