मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, म्हणून घाबरू नका

ताई, अडीच वर्षांचा मुलगा ‘मी जाते, मी खाते’ म्हणतो यात काळजीचं काहीच नाही. दिवसभर त्याच्या कानावर तुमचं आणि आजीचंच बोलणं पडतं, तेच तो उचलतो. हसू नका, चारचौघांत तर मुळीच नाही. ‘हो, तू जातोस ना?’ एवढं सहज म्हणा. वडील, मामा, गल्लीतली पोरं यांच्याशी बोलणं वाढलं की आपोआप सुटतं.

आजीचं अहिराणी बंद करा, असं आपल्या खानदेशात हमखास सांगतात. अजिबात ऐकू नका! दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. एका वाक्यात दोन्ही मिसळणं हा शिकण्याचाच भाग आहे. आणि आजीची अहिराणी त्याला दुसरं कोण देणार?

दोन ते पाच वर्षांत अडखळणंही बऱ्याच मुलांत दिसतं. मात्र ते सहा महिन्यांहून जास्त टिकलं, येत असलेले शब्द बंद झाले किंवा हाकेला वळत नसेल, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना दाखवा; गरज असेल तर ते पुढे पाठवतात. जाताना घरातल्या बोलण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांसमोर मुलं गप्प बसतात.