चोर्ल्याला निघण्याआधी नकाशा उतरवून घे

बेळगावातून पहिल्यांदाच स्वतः गाडी घेऊन गोव्याला निघालायस, तर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून घे. चोर्ला घाटात मोबाइलची रेंज जाते, पण त्यामुळे जीपीएस बंद पडत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल यंत्र नुसते ऐकतं. किमान चार मिळाले की जागा कळते. दाट झाडीत, कड्याखाली मात्र बाण भरकटतो, तेव्हा समोरचा रस्ताच खरा धर.

पत्ता गाडी उभी असतानाच टाक. फोन नजर अडणार नाही असा लाव, आवाज चालू ठेव.

आणि पावसाळ्यात जवळची वाट म्हणून कुठल्या कच्च्या रस्त्याला वळायला सांगितलं, तर अजिबात वळू नकोस. खानापूरकडच्या ओढ्यांना आलेलं पाणी नकाशाला दिसत नाही. टपरीवर थांबून विचार. कन्नड येत नसलं तरी मराठीत नीट सांगतात.