ऑनलाइन स्वस्त मिळत असताना बूट दुकानात घालून बघायलाच हवेत का?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात अलकापुरीतल्या शोरूममध्ये पाहिलेला बूट ऑनलाइन ४०० रुपयांनी स्वस्त आहे. रोज सकाळी कमाटीबागेत चालायला आणि वर्षातून एकदोनदा पावागडचा डोंगर चढायला तो हवाय.

पहिल्यांदा घेत असाल तर घालूनच घ्या. डब्यावरचा नंबर लांबी सांगतो, रुंदी सांगत नाही, आणि बूट लागतो तो बहुतेक वेळा रुंदीत.

लांबीचाही भरवसा धरू नका. आपल्याकडे बहुधा यूके नंबर चालतो. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण ८.५ मिमी. युरोपियन नंबराची पायरी ६.६७ मिमी, त्यामुळे दोन्ही नंबर एकमेकांशी नेमके जुळत नाहीत आणि प्रत्येक कंपनी आपल्या तक्त्यात जवळचा आकडा धरते. पुरुषांच्या बुटात अमेरिकन नंबर यूकेपेक्षा साधारण १ ने मोठा असतो. नुसता ८ बघून मागवला आणि तो अमेरिकन निघाला, की हातात यूके ७ येतो.

मग साचा. ज्या साच्यावर बूट बेततात त्याला या धंद्यात लास्ट म्हणतात आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरात लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पावलं युरोपियन-अमेरिकन पावलांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. अरुंद साच्याच्या बुटात चवडा दाटतो, म्हणून लोक एक नंबर मोठा घेतात. इथेच घोळ होतो. चवडा सुटतो खरा, पण सोल जिथे वाकतो ती जागा अंगठ्याच्या सांध्यापुढे सरकते. पाऊल एका जागी वाकतं, बूट दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक पावलाला टाच उचलली जाऊन मागे फोड येतो. अशा पायाला त्याच लांबीचा, पण रुंद साच्याचा बूट हवा. काही कंपन्या तो ‘वाइड’ किंवा ‘२ई’ असा लिहून विकतात.

मात्र दुकानात जाऊन बाकावर बसल्या बसल्या दोन मिनिटं घातलेला बूट फारसं काही सांगत नाही. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ज्या मोज्यांवर चालणार तेच मोजे न्या. दोन्ही पायांचं माप उभं राहून घ्यायला सांगा, कारण पायावर भार आला की पाऊल लांबतं आणि पसरतं. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, नंबर त्याचा धरायचा. दुकानात ब्रॅनॉकची धातूची मोजपट्टी असेल तर उत्तम. ती लांबी आणि रुंदीबरोबर टाचेपासून अंगठ्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही दाखवते.

त्यानंतर बुटातला इनसोल, म्हणजे आतली सुटी गादी, बाहेर काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. ही एकच तपासणी करायला वेळ असेल तर हीच करा. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा उरली पाहिजे. ते बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. करंगळीची बाजू इनसोलबाहेर सांडत असेल तर तो बूट ठेवून द्या. ‘पहेरशो एटले ढीला थई जशे’ (घालाल तसे सैल होतील) असं दुकानदार म्हणेल. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि रेक्झिन तर रुंदीतही फारसं सुटत नाही.

आता टाच मागे ठोकून नाड्या बांधा आणि दोन्ही बूट घालून पाच-दहा मिनिटं चाला. पावागडसाठी घेताय, तर दुकानाचा जिना तीन-चार वेळा चढा-उतरा. उतरताना पाऊल पुढे सरकून बोटं आदळली, तर डोंगराच्या मध्यावरच्या माचीकडे उतरताना प्रत्येक पायरीला तसंच होईल आणि नखं काळी पडतील. अशा वेळी आधी नाडी सगळ्यांत वरच्या भोकातून ओवून घोट्याजवळ आवळून बघा. तरीही आदळत असतील तर तो बूट तुमचा नाही.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी ‘लागत नाही’ या जाणिवेवर विसंबू नये. त्यांनी माप आणि इनसोल बघूनच घ्यावा. लहान मुलांचंही तेच. बुटाचं टोक वरून आपण अंगठ्याने दाबलं की मूल पायाची बोटं आत ओढून घेतं, आणि जागा आहे असं वाटतं.

ऑनलाइन घ्यायला माझी पूर्ण ना नाही. तेच मॉडेल, तोच नंबर पुन्हा घेताय तर खुशाल मागवा, फक्त नावापुढचा आवृत्तीचा आकडा तपासा, कारण नव्या आवृत्तीत साचा बदललेला असू शकतो. पट्ट्यांच्या सँडलमध्येही थोडी चूक खपते. पहिलाच बूट ऑनलाइन घ्यायचा झाला तर संध्याकाळी भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापुढे पुस्तक उभं धरून खूण करा आणि ते माप मिमीत कंपनीच्या ‘पावलाची लांबी’ या रकान्याशी जुळवा. त्या रकान्यात बोटापुढची जागा आधीच धरलेली असते. तक्ता बुटाच्या आतल्या लांबीचा असेल तरच १० ते १२ मिमी वाढवा. आलेला बूट घरात, स्वच्छ फरशीवर अर्धा तास वापरा आणि लेबल काढू नका. सोलला धूळ लागली की परत घ्यायला कुरकुर होते.

मंगळबाजारातून घेणार असाल तर पैसे देण्याआधीच बदलून मिळेल का, किती दिवसांत, हे विचारून बिलावर लिहून घ्या.